नोकरी कायम हवी, मग शिकवणेही कायम हवे!

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, म्हणजेच टीईटीबाबत निकाल दिला आणि पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पायाखालची वाळू सरकली. ज्यांच्या सेवेची पाचपेक्षा अधिक वर्षे शिल्लक आहेत त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवेतून बाहेर पडावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांनी निवृत्तीपर्यंत राहावे, पण टीईटीशिवाय त्यांना बढती नाही, असा हा निकाल. त्यानंतर दोन आरोळ्या उठल्या. एक आरोळी शहरी मध्यमवर्गाची. मास्तर लोक फुकटचा पगार खातात, त्यांची कायम नोकरी हेच सगळ्या दुखण्याचे मूळ, सगळ्यांना कंत्राटावर घ्या म्हणजे सुतासारखे सरळ होतील! दुसरी आरोळी शिक्षक संघटनांची. वीस-वीस वर्षे शिकवल्यावर आता आमची परीक्षा कसली घेता, हा घोर अन्याय आहे!

या दोन्ही आरोळ्यांत एक आवाज कुठेच ऐकू आला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत बसलेल्या, पण स्वतःच्या नावापलीकडे धड वाचता न येणाऱ्या पोराचा. ते पोर कोणाचे आहे? शहरी मध्यमवर्गाचे नाही. तो कधीच इंग्रजी माध्यमाकडे निघून गेला. गावातल्या बागायतदाराचे नाही. त्याच्या दारात पिवळी बस येते. फार स्पष्ट बोलायचे तर ते शिक्षकाचेही नाही, कारण शिक्षकाचे मूल तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटात आहे. मागे उरले ते पोर बौद्ध वस्तीतले, मातंग वस्तीतले, पारधी बेड्यावरचे, आदिवासी पाड्यावरचे, ऊसतोड्याचे आणि भूमिहीन मजुराचे. म्हणून शिक्षकाची नोकरी आणि शिक्षकाची जबाबदारी हा प्रश्न सर्वात आधी आंबेडकरी चळवळीचा आहे. शिक्षण खाते आणि शिक्षक संघटना यांच्यातला तो घरगुती मामला नाही. आणि चळवळीने या प्रश्नावर आजवर पुरेसे बोललेले नाही, हे आधी कबूल करू.

१९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठराच चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, मग त्यांच्यावर केलेल्या खर्चाचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता. आज मुले चौथीपर्यंत पोचतात, पाचवीतही जातात. पण २०२४ च्या 'असर' अहवालानुसार देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले हजेरीपटावर पाचवीत आणि प्रत्यक्षात दुसरीच्याही खाली! १९२७ साली मूल शाळेतून गळत होते, म्हणून ते निदान मोजता येत होते. आता ते वर्गात बसूनच गळते, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर श्रेणी लिहिलेली असते.

आता कायम नोकरीचा मुद्दा घेऊ. कारण हल्ला तिच्यावर आहे, आणि तो कोणाच्या पोटावर येतो हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या समाजात साठ-सत्तरच्या दशकांत जो पहिला पांढरपेशा माणूस उभा राहिला, तो बहुतेक ठिकाणी प्राथमिक शिक्षक होता. डी.एड. करायचे, जिल्हा परिषदेची ऑर्डर हातात घ्यायची, सायकलवरून दूरच्या गावी रुजू व्हायचे. त्या एका पगारावर धाकटी भावंडे शिकली, बहिणींची लग्ने झाली, बापाच्या डोक्यावरचे सावकाराचे ओझे उतरले. बुद्ध विहाराच्या वर्गणीच्या वहीत पहिले नाव गुरुजींचे असे, आणि १४ एप्रिलच्या जयंतीला माईकवर बोलायला उभे राहणारेही तेच. हे घडले ते दोन गोष्टींमुळे. एक, बिंदुनामावलीप्रमाणे भरलेली राखीव जागा. दुसरी, ती जागा गावच्या पाटलाच्या लहरीवर न जाणारी, म्हणजे कायम असणे. राखीव जागा असूनही नोकरी दर सहा महिन्यांनी संपणारी असती, तर कोणत्या गुरुजींनी गावातल्या सवर्ण वस्तीच्या विरोधात वस्तीची पाण्याची तक्रार लिहून दिली असती? कोणी दाखल्यावरची जात बरोबर लिहून घ्या म्हणून हट्ट धरला असता?

खुद्द बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेल्या या विद्वानाने प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. जिथे बाबासाहेबांची ही गत, तिथे खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेवर एकटा असलेल्या आपल्या शिक्षकाची काय कथा? शिक्षकाची पदवी नंतर दिसते, जात आधी दिसते. म्हणून नोकरीची शाश्वती ही त्याच्यासाठी चैन नाही, ती त्याच्या पाठीचा कणा आहे.

खासगी अनुदानित शाळांत तर याची गरज दुप्पट. महाराष्ट्रात १९७७ साली खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला आणि १९८१ साली त्याची नियमावली. त्याआधी संस्थाचालकाच्या मनात आले की मास्तर घरी, असा कारभार होता. कायद्याने परिविक्षेचा काळ ठरवला, बडतर्फीआधी तीन जणांच्या समितीपुढे चौकशी सक्तीची केली, आणि काढून टाकलेल्याला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला. नियम ९ मध्ये मागासवर्गीयांच्या जागांची तरतूद झाली. कागदावर सगळे छान आहे. प्रत्यक्षात काय चालते हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. नेमणुकीसाठी 'डोनेशन', म्हणजे शेत विकून आणलेले लाखो रुपये. पगाराच्या पावतीवर एक रक्कम आणि हातात दुसरी. निवडणूक आली की साहेबांच्या प्रचाराची ड्युटी. राखीव जागेवर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा, आणि त्या शेऱ्याखाली संस्थेच्या नात्यागोत्यातला उमेदवार. जो तोंड उघडेल तो 'अतिरिक्त'! २०१७ साली पवित्र पोर्टल आले, तेव्हा या बाजाराला आळा बसेल असे वाटले होते. पण संस्थांसाठी मुलाखतीची वाट उघडी राहिली, आणि मुलाखतीच्या बंद दाराआड काय मोजले जाते हे सर्वांना ठाऊक आहे.

सरकारने काय केले? २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. काम पूर्ण शिक्षकाचे, तीन वर्षे मानधन मात्र मजुरीइतके. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिना ६,००० रुपये मिळत होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. वस्तीशाळांवरच्या निमशिक्षकांची कहाणी याहून कडू. तांड्या-वाड्यांवर ज्यांनी शाळा उभ्या केल्या, त्यांना नियमित व्हायला २०१४ साल उजाडले. त्याच काळात राज्याने 'कायम विनाअनुदानित' नावाच्या शाळा काढू दिल्या, आणि हा 'कायम' शब्द २००९ मध्ये काढून टाकल्यानंतरही तिथले शिक्षक अनुदानाच्या टप्प्यांसाठी वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसले. पाहा कसा खेळ आहे : शिक्षकाच्या नोकरीतला 'कायम' शब्द काढला आणि शाळेच्या विनाअनुदानाला जोडला!

पुढे तर लाजही सोडली. सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, त्यातल्या पदांत शिक्षकही होता. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ५ सप्टेंबर २०२४ ला, ऐन शिक्षकदिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. त्याचेही पुढे बदलणे आणि मागे घेणे झाले. निर्णय मागे घेतले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. एजन्सीच्या भरतीला बिंदुनामावली नसते, हे ज्यांना कळते त्यांना या निर्णयांमागचे डोकेही कळते. आरक्षण रद्द करण्याची गरजच पडत नाही. कायम पद रद्द केले की आरक्षण आपोआप हवेत विरते. आणि कमी पटाच्या शाळा कुठे आहेत? पाड्यांवर, तांड्यांवर, वस्त्यांवर. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असली तर मंजूर शिक्षकच शून्य होतो. मुले आहेत, वर्ग आहे, फळा आहे, आणि शिक्षक शून्य! जबाबदारी मग कोणाला विचारायची? फळ्याला?

कंत्राटाचे समर्थक एक अभ्यास पुढे करतात, त्याचाही विचार करू. आंध्र प्रदेशातल्या सरकारी शाळांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, कायम शिक्षकाच्या सुमारे एक पंचमांश पगारावर नेमलेले कंत्राटी शिक्षक कायम शिक्षकांपेक्षा अधिक हजर राहिले आणि मुलांच्या शिकण्यातही कमी पडले नाहीत. अभ्यास खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा अर्थ काय? काम तेवढेच, दाम पाचवा हिस्सा! हे गणित आपल्या समाजाला नवे नाही. गावाची सगळी कामे करणारा, रात्री-अपरात्री हाक येताच धावणारा, कधी गैरहजर न राहणारा आणि बदल्यात मूठभर धान्य व भाकरतुकडा घेणारा माणूस या देशाने शतकानुशतके वापरला. त्याला महार वतन म्हणत. तो हजर राही, कारण हजर न राहण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. ते वतन बदलावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात विधेयक आणले. स्वस्तात आणि निमूट काम होते हा एखाद्या व्यवस्थेच्या बाजूचा पुरावा ठरत असेल, तर वतनाइतकी उत्तम व्यवस्था दुसरी नव्हती!

पण एवढ्यावर थांबून टाळ्या घ्यायच्या असतील तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नाही. कारण नाण्याची दुसरी बाजू आपल्याच घरातली आहे.

नोकरी कायम असणे आणि शिकवण्यातून सुटका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असा समज शिक्षकांच्या काही पिढ्यांनी करून घेतला, त्यात आपलेही आहेत. २००३ मध्ये देशातल्या बहुतेक मोठ्या राज्यांत सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देऊन एक पाहणी झाली. सरासरी चारपैकी एक शिक्षक शाळेत नव्हता, आणि जे होते त्यातलेही बरेच शिकवत नव्हते. महाराष्ट्र त्या यादीत सर्वात बरा होता, १४.६ टक्के गैरहजेरी. आपण बरे आहोत याचा आनंद जरूर मानावा, पण सातांत एक शिक्षक गैरहजर हा तरी कसला बरेपणा? त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. जवळपास तीन हजार सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारले की वारंवार गैरहजर राहिल्याबद्दल एखाद्या शिक्षकाला नोकरीवरून काढल्याचे आठवते का. 'हो' म्हणणारा मुख्याध्यापक निघाला फक्त एक! आणि हेही लक्षात घ्या, त्या पाहणीत कंत्राटी शिक्षकांची गैरहजेरी कायम शिक्षकांपेक्षा कमी आढळली नाही. गैरहजेरी कमी होती ती जिथे शाळेची तपासणी नियमित होत होती आणि जिथे शाळेची इमारत व सोयी बऱ्या होत्या तिथे.

तपासणीची ही गोष्ट आपल्याला पाश्चात्त्य संशोधकांनी सांगायची गरज नव्हती. राष्ट्रपिता जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जी साक्ष दिली, तिच्यात प्राथमिक शिक्षकाविषयी तीन गोष्टी एकत्र मांडलेल्या आहेत. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, ते शेतकऱ्यांच्या मुलांपासून अलिप्त राहतात, म्हणून शिक्षक शक्यतो कष्टकरी जातींतून आणि प्रशिक्षित घ्या, ही पहिली. शिक्षकांचा पगार फार तुटपुंजा आहे, तो किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये असावा, ही दुसरी. आणि तिसरी : वर्षातून एकदा होणारी तपासणी निरुपयोगी आहे, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि त्याखेरीज आगाऊ सूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात! प्रतिनिधित्व, पगार आणि अचानक तपासणी या तिन्ही मागण्या एका माणसाने, एका साक्षीत, एका दमात केल्या. आपण मात्र जोतीरावांच्या पहिल्या दोन मागण्या मोर्च्याच्या फलकावर लिहिल्या आणि तिसरी सोयीस्करपणे विसरलो.

आपल्या समाजातल्या शिक्षक-कर्मचारी संघटनांच्या अधिवेशनांतले ठराव काढून पाहा. जुनी पेन्शन, बदल्या, पदोन्नतीतले आरक्षण, कालबद्ध वेतनश्रेणी. सगळे रास्त आहे, आणि त्यासाठीचे लढेही रास्त आहेत. पण 'आमच्या सभासदाच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचता आले पाहिजे, त्याची हमी आम्ही घेतो' असा ठराव कोणत्या अधिवेशनात झाला? वस्तीतली आई मजुरीला जाताना पोराला शाळेच्या दारात सोडून जाते ते कोणाच्या भरवशावर? 'बाबासाहेबांच्या पुण्याईने नोकरी मिळाली' असे निवृत्तीच्या समारंभात गहिवरून बोलणाऱ्यांनी त्या पुण्याईचा हप्ता वर्गात फेडायचा असतो. जयंतीच्या वर्गणीत तो फिटत नाही. हे वाचून काही शिक्षक बांधव रागावतील. रागवा. पण आमच्या वाचकांत शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, म्हणूनच हे याच पानावर लिहिले पाहिजे. (२०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत असा आदेश दिला होता. तो अंमलात आला नाही. का आला नाही हे सांगायला ज्योतिषी नको.)

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर मतदार याद्या, वेगवेगळी सर्वेक्षणे, खिचडीचा हिशेब, आणि आता मोबाईलवरची माहिती. एक ॲप भरून होत नाही तोच दुसरे येते, आणि डोंगरातल्या शाळेत रेंज शोधत शिक्षक टेकडीवर चढतो. सरकारने जबाबदारीचा अर्थ 'माहिती भरणे' असा करून टाकला आहे. फोटो टाकला की उपक्रम झाला! अशा जबाबदारीतून मूल वाचायला शिकत नाही, फक्त वरच्या साहेबाचा तक्ता पूर्ण होतो.

आता टीईटी. शिक्षकाला विषय आला पाहिजे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. 'आमची पोरे आहेत, चालवून घ्या' हे गुणवत्तेचे राजकारण करणाऱ्यांच्या हातात कोलीत देण्यासारखे आहे, आणि आपली पोरे परीक्षेला घाबरणारी नाहीत. परंतु ही परीक्षा ज्यांनी घ्यायची त्यांचे चारित्र्य काय? २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे प्रकरण पुणे पोलिसांनी २०२१ मध्ये उघड केले, राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली, आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आला. बनावट नेमणुका, खोटे आयडी, आणि सरकारी तिजोरीतून पगार! ही सगळी पापे काही खेड्यातल्या मास्तरने एकट्याने केली नाहीत. वरच्या टेबलावरच्या सहीशिवाय आयडी तयार होत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे : ज्यांची नेमणूक त्या वेळच्या नियमांप्रमाणे डी.एड. करून, बिंदुनामावलीने झाली, त्यांच्यावर परीक्षेची सक्ती करताना त्यांना प्रशिक्षण देणे, पगारी रजा देणे आणि परीक्षेची पुरेशी संधी देणे ही सरकारची जबाबदारी आहे. आणि हेही म्हणणे आहे की टीईटी पास झालेला शिक्षक सकाळी शाळेत येतोच असे नाही. पात्रतेची परीक्षा एकदा होते, पण जबाबदारी रोजची असते. एकीच्या गोंगाटात दुसरी हरवू देऊ नये.

कारवाईचे काय होते ते पाहा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. तक्रार झाली की निलंबन, निर्वाह भत्ता, मग विभागीय चौकशी. ती चौकशी वर्षानुवर्षे लोंबकळते. शेवटी 'सबळ पुराव्याअभावी' पुनर्स्थापना, नाहीतर एखादी वेतनवाढ रोखणे. दरम्यान वर्गाला शिक्षक नसतो, पण त्याची नोंद कुठल्याच फायलीत होत नाही. या दिरंगाईचा फायदा कोणाला होतो? ज्याचा मेहुणा सभापती आहे त्याला. आणि तोटा कोणाला? जो आपला शिक्षक खोट्या तक्रारीत अडकवला गेला त्याला. तो निर्दोष असूनही चार-चार वर्षे अर्ध्या पगारावर आणि बदनामीत काढतो. चौकशी ठराविक मुदतीत संपवण्याची मागणी ही शिक्षकविरोधी मागणी आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कामचुकाराला आणि निरपराधाला एकाच गोदामात डांबून ठेवणारी ही पद्धत आहे.

आणि गैरहजेरी हा एकच गुन्हा नाही. हजर राहूनही शिक्षक गुन्हा करू शकतो. आपल्या मुलांना मागच्या ओळीत बसवणे, झाडलोटीचे काम त्यांच्याकडेच देणे, आडनाव विचारून आवाजाचा सूर बदलणे. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांच्या दलित मुलाचा शिक्षकाच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून मारले, असा कुटुंबाचा आरोप होता. ती शाळा खासगी होती, हे 'खासगी म्हणजे जबाबदार' म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे, कलम ८ नुसार दुर्बल घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याचे बंधन शासनावर आहे. शिक्षकाच्या मूल्यमापनाच्या कोणत्या तक्त्यात यासाठी रकाना आहे? निकालाच्या टक्केवारीचा आहे, शौचालयाच्या फोटोचा आहे, हा नाही.

मग शिक्षकाने जबाब द्यायचा कोणाला? संस्थाचालकाला नाही, तो मालक होऊन बसतो. सरपंचाला नाही, तो शाळेच्या आवारात सभा भरवायला बसलाच आहे. ॲपला तर नाहीच. जबाब द्यायचा तो पालकाला, आणि त्याची जागा कायद्याने ठरवून दिली आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणशीर स्थान. कलम २४ प्रमाणे शिक्षकाने नियमित व वेळेवर यायचे, अभ्यासक्रम पूर्ण करायचा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल त्याला जादा शिकवायचे, आणि पालकांची बैठक घेऊन मुलाची हजेरी व प्रगती सांगायची. यात कसूर झाली तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन कारवाई, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. शाश्वती आणि जबाबदारी एकाच कलमात शेजारी बसवलेल्या आहेत.

प्रत्यक्षात ही समिती कशी बनते? मुख्याध्यापक गावातल्या चार वजनदारांना विचारतात, वस्तीतून एक गरीब बाई 'मागासवर्गीय महिला' म्हणून घेतात, आणि बैठकीचे इतिवृत्त शिपायाबरोबर तिच्या घरी सहीसाठी किंवा अंगठ्यासाठी येते. शाळेत ७० टक्के मुले आपल्या वस्तीची आणि समितीचा अध्यक्ष मात्र ज्याचे एकही मूल त्या शाळेत नाही असा, हा प्रकार बेकायदेशीर असूनही चालतो, कारण कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी भावकीत डोकी फोडणारे आपले कार्यकर्ते या समितीच्या निवडीच्या दिवशी कुठे असतात?

चळवळीच्या शाखांनी हे काम हाती घ्यावे. त्याला ना मोठा निधी लागतो, ना परवानगी. समितीची निवड पालकांच्या जाहीर सभेत करून घ्या. शाळेतल्या मुलांच्या प्रमाणात आपल्या पालकांच्या जागा मागा. तीन महिन्यांतून एकदा मुलांचे वाचन पालकांसमोर होऊ द्या. सात-बाराचे चावडी वाचन होते, तर पोराच्या पुस्तकाचे का नको? शिक्षकाची जागा रिकामी असेल तर त्याच बैठकीत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवा, कारण कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपले असेल तर त्याच्या बाजूने पहिला ठराव समितीनेच करावा. जी समिती शिक्षकासाठी भांडते, तिला त्याला जाब विचारण्याचाही अधिकार पोचतो. आणि आपल्या समाजातल्या निवृत्त शिक्षकांनी, ज्यांना विभागीय चौकशीपासून संचमान्यतेपर्यंत सगळे पाठ आहे, त्यांनी पेन्शनरांच्या कट्ट्यावरून उठून या समित्यांच्या पालकांना नियम समजावून सांगावेत.

सुरुवात साधी आहे. समितीवर असलेल्या आपल्या माणसाने पुढच्या बैठकीत इतिवृत्ताची वही मागून घ्यावी आणि वाचल्याशिवाय सही करू नये. ज्या आईला वाचता येत नाही, तिने आपल्या चौथीतल्या मुलीला शेजारी बसवावे आणि ते पान तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मुलीला ते वाचता आले नाही, तर त्या बैठकीचा पहिला विषय तोच.